कोरेवाडीचा लाभार्थी

८ मे २०००, सोमवार

पंधरा फायदे हवेत म्हणे! भसीनसाहेबांची फर्माईश. 'दस कम लगते हैं सुखदा, पंद्रह कर दो.' साताऱ्याकडच्या पठारावर आमच्या कंपनीने पवनचक्क्या उभ्या केल्या, त्यातून गावकऱ्यांचं काय काय भलं झालं ते पुस्तिकेत छापायचंय. रस्ता, वीज, शाळेला पत्रे, वॉचमनच्या नोकऱ्या, ग्रामपंचायतीला वर्षाकाठी रक्कम... नऊवर गाडी अडली. दहावा म्हणून 'मोकळी हवा' लिहून टाकलं. हवा त्यांचीच होती, पण लिहायला काय जातं!

लिहिता लिहिताच लाइट गेली. गुडगावात रोजच जाते. आमच्या नव्याकोऱ्या सोसायटीत जनरेटर फक्त लिफ्टपुरता. पुष्कर म्हणाला, 'तुझ्या पवनचक्कीला सांग ना.' नवरा विनोद करायला लागला की मला त्याच्या आईची आठवण होते.

१२ मे, शुक्रवार

कर्ज देणारे परदेशी पाहुणे अठराला येताहेत. त्यांना एक खरा गावकरी बघायचाय. पठारावर जायला मात्र त्यांना वेळ नाही! मग भसीनसाहेब — 'एक बेनिफिशरी यहीं मंगवा लो.' मंगवा लो — समोसे मागवतात तसं.

दुभाषी मीच. अख्ख्या ऑफिसात मराठी येणारी मी एकटी. कर्ज मंजूर झालं तर गावकऱ्यांशी संबंध ठेवायचं वेगळं खातं निघणार, त्याची प्रमुख मी, आणि दार असलेली केबिन. साहेबांनी स्पष्टच सांगितलं — 'गाँववाला खुश दिखना चाहिए, बस.' हवीय मला ती केबिन. सात वर्षं पार्टिशनच्या मागे बसून दुसऱ्यांची इंग्रजी दुरुस्त केली आहे. इथे लिहायला लाज कसली!

१६ मे, मंगळवार

लाभार्थी पोचला. निजामुद्दीन स्टेशनवर मीच आणायला गेले. दामू शेलार, राहणार कोरेवाडी, वय साठीच्या आसपास. कडक इस्त्रीची टोपी, आणि पायात चक्क पॉलिश केलेले बूट. दिल्लीला यायचं म्हणून कुणाचे तरी मागून आणले असणार.

पहाडगंजच्या हॉटेलात उतरवलं. म्हटलं, "काका, इथे कुणाशी बोलायला जाऊ नका, हिंदी नाही येणार तुम्हाला. काही लागलं तर मला फोन करा." हसला. खेडवळ माणूस असं शांतपणे हसला की मला का कोण जाणे, रागच येतो.

माझ्यासाठी घरच्या घेवड्याची पुरचुंडी आणली होती. कामवालीला देऊन टाकली.

१७ मे, बुधवार

तालीम घेतली. त्याला पढवलं — रस्ता झाला, वीज आली, पोरांना नोकऱ्या मिळाल्या, कंपनीचे आभार. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, रस्ता खरंच चांगला झालाय. लाइट आली. खोटं कशाला बोलू? पण रस्त्याला फाटक आहे."

मग फाटकपुराण! तांब्याच्या तारा चोरीला जातात म्हणून कंपनीने पायथ्याला फाटक बसवलंय. संध्याकाळी सहाला कुलूप. किल्ली असते ती साइट ऑफिसात, तेही दहा किलोमीटरवर. वॉचमन गावचाच पोरगा, पण त्याच्या हातात काठीशिवाय काही नाही. गावाची जुनी पायवाट होती, बाजल्यावर घालून माणूस खाली न्यायचे — ती पवनचक्क्यांच्या पायात गेली. मागल्या साली शेजारची बाळंतीण दोन तास फाटकाशी जीपमध्ये बसून होती. आणि आता त्याच्या सुनेला आषाढात दिवस भरताहेत.

"एक किल्ली गावात ठेवू द्या. एवढंच मागायला आलोय."

म्हणजे हा आभार मानायला आलाच नव्हता! मी गोड आवाजात म्हटलं, "बोला तुम्ही. मी नीट सांगते."

१८ मे, गुरुवार

झालं! आणि काय झालं म्हणून सांगू!

दामूकाका उभा राहून बोलला. हात पाठीमागे, मान ताठ, एक शब्द वायफळ नाही. रस्त्याचं, विजेचं सांगितलं, ते मी जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. मग पाहुण्यांमधल्या बाईने विचारलं — काही अडचण आहे का? भसीनसाहेबांचा पाय टेबलाखाली हलायला लागला. दामूकाकाने फाटक सांगितलं, कुलूप सांगितलं, सून सांगितली, किल्ली मागितली.

मी इंग्रजीत सांगितलं — पूर्वी गावात बाळंतिणीला बाजल्यावर घालून डोंगर उतरवायचे, आता दाराशी जीप येते. ह्यांच्या सुनेला दिवस भरताहेत, पण घरात कुणाला काळजी नाही. त्याबद्दल आभार मानायला हे इतक्या दूर आले.

सुचलं कसं मला! त्याच्याच मापाचं कापड, फक्त उलटं शिवलं. त्या बाईचे डोळे भरून आले. उठून तिने त्याचा हात हातात घेतला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवून खाली बसला.

भसीनसाहेब लिफ्टमध्ये म्हणाले, 'कमाल कर दिया यार!'

१९ मे, शुक्रवार

आजचं लिहून टाकते.

दामूकाकाला गोवा एक्सप्रेसला बसवायला गेले. हॉटेलातून त्याला ड्रायव्हरने आणलं, मी परस्पर स्टेशनवर पोचले. तो पाणी भरून घ्यायला उतरला, तेवढ्यात आमचा ड्रायव्हर म्हणतो, 'मॅडम, बाबूजी तो फौज में थे. छह साल दिल्ली कैंट में रहे. रास्ते भर बातें कीं. अंग्रेजी भी समझते हैं.'

पायाखालचा प्लॅटफॉर्म सरकला. म्हणजे काल ह्याला सगळं समजलं होतं! शब्दन् शब्द! ह्याने ऑफिसात एक फोन केला, एक ओळ लिहिली, की माझी केबिन गेली, नोकरीही गेली.

तो बाटली घेऊन आला. माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाला, "ताई, काल बरं सांभाळलंत. माझंच चुकलं. वरिष्ठाची उणीव पाहुण्यांसमोर काढायची नसते. पलटणीत आम्ही असंच करायचो — बाहेरचे साहेब आले की सगळं ठीक, मग मागाहून गुपचूप काम करून घ्यायचं. तुमच्या ते ध्यानात होतं, माझ्या नाही राहिलं. आता किल्लीचं तेवढं बघा."

"बघते," म्हटलं.

गाडी हलली तसा त्याने कडक सलाम ठोकला. मला! मी हसले आणि हात हलवला. घरी येईपर्यंत हसूच आवरेना. इतका मूर्ख माणूस सैन्यात टिकला कसा?

५ जून, सोमवार

कर्ज मंजूर. केबिन मिळाली! दाराला माझ्या नावाची पाटी.

पुस्तिका छापून आली. तिसऱ्या पानावर दामू शेलार, टोपीसकट. खाली माझंच वाक्य — 'आता घरात कुणाला काळजी नाही.'

किल्लीचं काढायचं होतं आज. पण केबिनमध्ये बसल्या बसल्या पहिली मागणी तीच? आणि साहेबांनी विचारलं की कधी मागितली, कुणासमोर मागितली, तर? जाऊ दे. पुढल्या आठवड्यात.

२२ जून, गुरुवार

कोरेवाडीहून पोस्टकार्ड. अक्षर सुरेख आहे मेल्याचं! 'ताईंना नमस्कार. सुनेची तब्येत ठीक. ताईंनी शब्द दिलाय, असं घरात सांगितलं आहे. घाई नाही, पण पाऊस लागला आहे.'

घाई नाही म्हणतोय ना. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

३ जुलै, सोमवार

आज भसीनसाहेब खुशीत होते. विचारता आलं असतं. नाही विचारलं.

११ जुलै, मंगळवार

साइट ऑफिसचा फॅक्स. रविवारी संध्याकाळी सातला दामू शेलारची सून जीपमध्ये, फाटकाला कुलूप. वॉचमन सायकलवर किल्ली आणायला गेला, तो पावसात दीड तास आलाच नाही. म्हाताऱ्याने पहारीने फाटक बिजागरीतून उखडलं. सुपरवायझर अडवायला आला, किल्ली त्याच्याकडेही नव्हती; त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. बाई वाचली. मूल नाही वाचलं. मुलगा होता.

कंपनीने पोलिसात तक्रार दिली. दामू शेलार कोठडीत आहे.

भसीनसाहेबांनी केबिनमध्ये येऊन माझ्या टेबलावर पुस्तिका आपटली — 'हमारा बेनिफिशरी! पेज थ्री!' मग दार लावून घेतलं, हळूच म्हणाले, 'सुखदा, इसने कभी चाबी माँगी थी क्या? माँगी थी तो गलती हमारी बनती है, केस वापस लेना पड़ेगा. नहीं माँगी तो सीधी गुंडागर्दी है. तुम्हें तो पता होगा.'

मी म्हटलं, 'पहले उसका बयान आने दीजिए सर.'

घरी आले. पुष्करने विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, ऊन लागलं. जेवले नाही. तो सगळं सांगणार. पोस्टकार्डही सांगणार. ते मी ड्रॉवरमधून काढून फाडलंय, तरी तो सांगणारच. त्याच्या जागी मी असते तर आधी माझंच नाव घेतलं असतं.

१४ जुलै, शुक्रवार

जबाब आला. मराठीत. इंग्रजी करायला अर्थात माझ्याकडेच. चौथी ओळ — 'मी दिल्लीत कुणाकडेही किल्ली मागितली नव्हती. ताईंना यातलं काही माहीत नाही. त्यांना त्रास देऊ नये.'

शब्दन् शब्द खरा उतरवला. ह्या वेळी एकही इकडचा तिकडे केला नाही. पाचच्या आत साहेबांच्या टेबलावर ठेवला.