डेन्मार्कच्या बाईले ‘पाहू’ समजावताना

तांडापेठ, नागपूर
सोमवार, दिवाळीनंतरचा, १९७८

पाहू म्हणजे काय गा, ईश्वरदास? अख्खं पोस्टकार्ड घेतलं, त्यावर उमरेडचा शिक्का बसवला, आणि मजकूर काय, तर ‘मागाचं पाहू’. बाकीचं कार्ड कोरं. मी साधं विचारलं होतं की बाबांचा मोठ्या पन्ह्याचा माग तुझ्या पडवीत पडून आहे, खदानीतल्या नोकरीपायी तुले त्याले हात लावायले टाइम नाही, तर तो मले दे. याले हो म्हणता येते, नाही म्हणता येते. पाहू काहून? तो माग काय लग्नाची पोरगी आहे?

चिरंजीव ईश्वरदासले तुळजाबाईचा आशीर्वाद. हे वर लिहायचं होतं, रागात खाली आलं. इकडे सगळे बरे आहेत, माझा गुडघा सोडून. तुझा खोकला कसा आहे, कौसल्येची कंबर कशी आहे, पोरं शाळेत जातात की नुसती निघतात? (हे सगळं उत्तरात लिही, पण मागाचं आधी लिही.)

आता तुले वाटेल, ताईले आत्ताच माग काहून आठवला. तर ऐक. आमच्या विणकर सोसायटीत निम्मे माग झाकून ठेवले आहेत. लुगडी खपत नाहीत. बायका एकेक करून बिड्या वळायले जाऊन राहिल्या. मीही जाऊन आली. माझी बिडी पाहून ठेकेदार म्हणाला, बाई, ही ओढायची की चटणीसोबत खायची? म्हणजे तो रस्ता बंद. अशात आमचे मॅनेजर गिरिधरबाबू बातमी घेऊन आले की डेन्मार्क देशाची एक बाई येऊन राहिली, बिर्गित नावाची. तिकडच्या दुकानासाठी हातमागाचा मोठ्या पन्ह्याचा कपडा घेणार. तेव्हाच मी तुले मागाचं विचारलं. तिले आमचं काम पटलं तर सोसायटी चालणार, नाही पटलं तर कुलूप. एवढी सरळ गोष्ट.

बाई आली. उंच, पायात पुरुषी चपला, स्वभावानं बरी. पहिल्याच दिवशी आमच्या जनाबाईनं तिले घरी नेऊन पोहे दिले, वरून तर्री. बाई एक ताटली खाऊन म्हणाली, नो थँक यू. आता आपल्याकडे पाहुण्यानं नको म्हणायचंच असते, ते कोण मनावर घेते? बाई नो थँक यू म्हणून राहिली आणि जनाबाई वाढून राहिली. शेवटी बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तर जनाबाई म्हणते, पाहा वं, किती मायाळू आहे. (तर्री होती ती. मी जनाबाईले सांगितलं, तर तिनं माझ्याशी दिवसभर बोलणं टाकलं.)

दुसऱ्या दिवशी बाईनं परतफेड केली. तिकडच्या बिस्किटांचा निळा डबा उघडून आमच्यापुढे धरला. सगळ्या बायकांनी रीतीप्रमाणे मान हलवली, नको, नको, कशाले? बाईनं तेवढंच ऐकलं, डब्याले झाकण लावलं आणि पिशवीत ठेवला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुपारभर कोणाचं लक्ष कामात नव्हतं, सगळ्यांच्या नजरा त्या पिशवीवर. लोण्याचा वास येऊन राहिला होता ना. मी एकटी खाऊन बसली होती, कारण तिनं घेता का विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. दोन्ही हातांनी घेतलं. संध्याकाळी जनाबाई म्हणते, तुले लाज नाही का वं? मी म्हटलं, लाज तुझ्याजवळ आहे, बिस्किट माझ्याजवळ होतं.

हे गिरिधरबाबूंच्या कानावर गेलं. ते म्हणाले, याले कल्चरल डिफरन्स म्हणतात, आणि त्याच्यासाठी क्लास पाहिजे. म्हणून कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या शोभाताई आल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, आम्ही घोकलं. पंक्चुअल म्हणजे सांगितल्या वेळेले येणं. (क्लास अकराचा होता, गिरिधरबाबू बारा वाजता आले आणि तोच शब्द आमच्याकडून वदवून घेतला.) हायरार्की म्हणजे कोण कोणाच्या वर बसते ते. पर्सनल स्पेस म्हणजे कोणाशी बोलताना त्याच्या अंगावर जायचं नाही. हे शिकून राहिलो तेव्हा आम्ही एका सतरंजीवर एवढ्या बायका होतो की जनाबाईचं कोपर माझ्या बरगडीत होतं. मिसअंडरस्टँडिंग हा तर एवढा लांब शब्द आहे की म्हणून होईस्तोवर भांडण मिटून जाते. आणि सगळ्यात मोठं वाक्य, आय रिस्पेक्टफुली डिसअ‍ॅग्री. म्हणजे, तुमचा मान राखून सांगते, मले हे पटत नाही. मी शोभाताईले विचारलं, पटत नाही तर मान कशाले राखायचा? त्या म्हणाल्या, तुळजाबाई, तुमच्यासाठीच फळ्यावर लिहिलं आहे.

मग झाली मीटिंग. बाईनं नमुना काढला. पलंगभर पसरणारं कापड, मध्ये कुठं जोड नाही. शोभाताईनं मराठीत विचारलं, बाई फाल्गुनात परत येतील, तोवर असा एक थान, म्हणजे अख्खा तागा, होईल का? गुलाबचंदकाका आमच्यात सगळ्यात जुने, त्यांनी डोळे मिटून हो म्हणून मान डोलावली. जनाबाईनं त्यांच्याहून जोरात डोलावली. गिरिधरबाबू म्हणाले, यस यस, नो प्रॉब्लेम. आता तिथं बसलेल्या सगळ्यांले माहीत होतं की सोसायटीत एवढ्या पन्ह्याचा मागच नाही. आमचे सगळे माग लुगड्याचे. हो म्हणून टाकायचं, ती आली की म्हणायचं, सूत उशिरा आलं, ताणा तुटला, कारागीर लग्नाले गेला. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, एवढंच कारण. मले ते मोठं वाक्य म्हणायचं होतं, आईशप्पथ. पण टाइमावर आठवलं नाही आणि तोंडातून नुसतं ‘नो’ निघालं. तेही जरा जोरात.

गिरिधरबाबूंचा चेहरा पडला, मग त्यांनी इंग्रजीत बाईले काही समजावलं. मी शोभाताईले विचारलं, काय म्हणतात? त्या पदर तोंडाले लावून म्हणाल्या, ते सांगून राहिले, माफ करा, ही बाई वेगळ्या कल्चरची आहे. मी वेगळ्या कल्चरची? माझी गल्ली आणि त्यांची गल्ली यांच्यात एक नळ आहे फक्त. पण बिर्गितबाई काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मग मले याच कल्चरसोबत काम करायचं आहे. तेव्हापासून मोहल्ल्यात माझं नाव डायरेक्टबाई पडलं. भाजीवालाही म्हणते.

बाईनं खुर्ची माझ्याजवळ ओढली (पर्सनल स्पेस तिनंच मोडली) आणि विचारलं, नो काहून? मी सांगितलं, माग नाही. म्हणे, कुठं आहे? मी म्हटलं, उमरेडले, माझ्या भावाच्या पडवीत. म्हणे, देईल का? मी तुझं कार्ड शोभाताईले दाखवलं. त्यांनी बराच विचार केला, मग इंग्रजीत सांगितलं की भाऊ पाहणार आहे. बाईनं लगेच डायरी उघडली आणि म्हणाली, कोणत्या दिवशी पाहणार आहे?

सांग आता, काय उत्तर देऊ? जनाबाई, गुलाबचंदकाका, गिरिधरबाबू, सगळे छताकडे पाहून राहिले. पाहूले तारीख असते हे आमच्यात कोणाले माहीतच नव्हतं.

तू मागे म्हणाला होतास, बाबांची आठवण आहे, असू दे. चांगली गोष्ट आहे. पण त्या आठवणीवर कौसल्या मुंगवड्या वाळत घालते, हे मी यंदाच्या उन्हाळ्यात डोळ्यानं पाहिलं. लहानपणी तू त्याच मागाखाली निजायचास. बाबांचा धोटा खटखटायचा थांबला की उठून रडायचास, मग बाबा अर्धं जेवण टाकून पुन्हा मागावर बसायचे. आता किती वर्षं झाली, तो थांबलेलाच आहे. तू नाही उठलास.

बरं, झालं एवढं. मोठ्यांले नमस्कार, लहानांले आशीर्वाद, कौसल्येले कंबर जपायले सांग.

तुझी ताई
तुळजाबाई

ता.क. कौसल्येले सांग, मुंगवड्यांसाठी मी नवी बाज घेऊन येते, सुंभानं मी स्वतः विणली आहे. मागाहून उंच आहे, तिले वाकावं लागणार नाही.

आणखी एक. बाईनं डायरी उघडी धरली होती आणि सगळे मलेच पाहून राहिले होते, म्हणून मी ‘यस’ म्हटलं. भाऊ देतो, फाल्गुनात थान तयार. त्यावर गिरिधरबाबू एवढे हसले की चहा नाकात गेला. म्हणाले, या तुळजाबाई, आमच्या कल्चरमध्ये तुमचं स्वागत आहे. तेव्हा मले त्या कल्चरमधून बाहेर काढणं आता तुझ्या हातात आहे. शुक्रवारी टपालवाला येतो त्या टाइमाले मी दारात बसून राहीन. हो लिही, नाहीतर नाही लिही. पण शुक्रवारपर्यंत लिही.