मोरपंखी तुकडा

३ नोव्हेंबर
अखेरीस बिऱ्हाड थाटले. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी थेट रस्त्यावर, आणि घरमालकीणबाई चहाच्या बाबतीत उदार. रंग उडालेल्या वस्तूंची रंगीत छायाचित्रे काढण्याच्या माझ्या छंदास हे गाव फारच मानवेल : पोपडे धरलेली टपालपेटी, मोडक्या पाठीचे बाक, गंजलेला पाण्याचा पंप. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात दिवंगत पत्नीच्या शालीचा मोरपंखी तुकडा ठेवतो, म्हणजे छपाईत रंग पडताळता येतात. तुमच्या गंजाच्या फोटोंत कधी मलाही घ्या, असे ती चिडवीत असे. आता घेतो.

७ नोव्हेंबर
स्टुडिओवाल्याने प्रती देताना टोमणा मारला, की काका, भंगार म्हणता आणि शोरूममधला माल टिपून आणता. टपालपेटी खरोखरच कोरी दिसत होती, तीही मोरपंखी. समक्ष जाऊन पाहिली. फोटोतल्यासारखीच कोरी, रंगही पुरता वाळलेला. घरमालकीणबाईंच्या मते येथे रंगारी फिरकून दहा वर्षे लोटली.

१० नोव्हेंबर
बाक आणि पंपही मोरपंखी झाले. मला आनंद झाला, हे प्रांजळपणे नोंदवतो. ती रस्ताभर पसरते आहे, असे वाटले. तुकडा किंचित फिकट भासतो. आणखी अकरा वस्तू टिपल्या.

१२ नोव्हेंबर
मुलीचा फोन. इकडचे तिकडचे बोलून ती हळूच म्हणाली, की बाबा, दोन दिवस झाले, आईचा चेहराच डोळ्यांसमोर येत नाही. मी तिला वेड्यात काढले. मग भिंतीवरची तिच्या आईची तसबीर पाहिली. शाल पांढरी. चेहऱ्याच्या जागीही नुसते पांढरे.

१३ नोव्हेंबर
कॅमेरा कुलुपात ठेवला. उशीर झाला. तुकडा पांढराफटक. तिची हनुवटी आठवते. हसणे आठवते. गालावरचा तीळ — डावीकडे, की —

१४ नोव्हेंबर, दुपार
खिडकीतून बाक दिसते. मोरपंखी शाल पांघरून कोणी बसली आहे, पाठमोरी. घरमालकीणबाईंनी खालून विचारले, की काका, पाहुण्या तुमच्याकडच्या का.
मान तिरकी ठेवण्याची लकब तिचीच. हाक मारावी, तर नाव — नाव सुचेना. तोंडून नुसतेच ‘अगं’ निघाले.
ऐकले तिने. वळते आहे.
चेहरा मला आठवायला हवा. ती पुरती वळण्याआधी आठवायलाच हवा, नाहीतर तिथे —