कमानीखाली कोण बसलं होतं

अण्णा,

गेली दोन वर्षं मी एका परक्या माणसाच्या मागे लागले आहे, आणि तो तुमच्याच धंद्यातला. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातल्या एका गवंड्याचा मुलगा. ऐन तारुण्यात बोटीनं अमेरिकेत आला. शिकागो शहर जळून खाक झालं होतं, बांधणाऱ्याला कामाची ददात नव्हती, तेव्हा तिथं विटा रचू लागला आणि पुढं आयुष्यभर इथल्या लहान लहान गावांतून चर्च, शाळा, धान्याची कोठारं, एक बिअरची भट्टीसुद्धा बांधत फिरला. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. तरी जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत स्वतःच्या नावापुढं ‘आर्किटेक्ट आणि बिल्डर’ असं ठोकून द्यायचा. ते वाचून मला हसू आलं, कारण तुम्हाला पाटीवर ‘कॉन्ट्रॅक्टर’ लिहायचीही लाज वाटायची. आईनं हट्ट धरला म्हणून पाटी झाली, आणि ती तुम्ही दाराच्या आतल्या बाजूला लावलीत. बाहेरच्यांना काय करायचंय, म्हणालात.

तर या माणसाचं एक जुनं चर्च आमच्या मराठी मंडळानं विकत घेतलं. मी राहते त्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला, तासभराच्या आत, नदीकाठी गाव आहे. तिथले जुने लोक थकत गेले, त्यांची मुलं शहरात गेली, इमारत रिकामी पडली. आम्हाला गणपतीला, नाटकांना, रविवारच्या मराठी शाळेला हक्काची जागा हवी होती. दर वर्षी कुठल्या तरी शाळेचा जिम भाड्यानं घ्यायचा आणि आरती संपायच्या आत वॉचमननं घड्याळ दाखवायचं, याला सगळे विटले होते. इमारत घेतली आणि लगेच, आपल्या रीतीप्रमाणे, दोन तट पडले. एक तट म्हणे पाडा, नवा हॉल बांधा, पार्किंग मोठं करा. दुसरा म्हणे आहे ते दुरुस्त करा. मंडळाचे अध्यक्ष पाडणाऱ्यांच्या बाजूचे. ते रिटायर्ड डॉक्टर, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणून इमारत तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

फेब्रुवारीत गेले. गुडघाभर बर्फ, दाराचं कुलूप गोठलेलं. आत बाहेरपेक्षा जास्त थंडी आणि ओल्या गिलाव्याचा वास. टॉर्च वर केला आणि वेदीच्या पुढची ती मोठी दगडी कमान दिसली. नदीकाठच्या खाणीतला पिवळसर दगड, एकेक घडवून असा बसवलेला, की जोडात पोस्टकार्डही शिरणार नाही. छत गळत होतं, मागची एक भिंत जरा पोट काढून उभी होती, पण कमान सव्वाशेहून जास्त हिवाळे काढून जिथल्या तिथं. मी हातमोजा काढून दगडावर हात ठेवला. तुम्ही दुसऱ्याच्या बांधकामावर असाच हात ठेवायचात आणि काही बोलायचा नाहीत. वाईट असलं तरच बोलायचात. मला ती इमारत तिथल्या तिथं आवडली. रिपोर्टमध्ये मी दुरुस्ती शक्य आहे असं लिहिलं आणि ते खरं आहे, एकही आकडा मी वाकवलेला नाही. पण सगळ्यांसमोर बोलताना मी तटस्थ होते असं मात्र कोणी म्हणू नये.

मग मला त्या माणसाचा नाद लागला. सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या लायब्रऱ्यांत जाऊन बसू लागले. त्याची इतर चर्चं पाहून आले. एक अजून दर रविवारी भरतं, एकाचं आता फर्निचरचं दुकान झालंय. त्यानं एका खाणावळवाल्या विधवेशी लग्न केलं होतं. मनोऱ्याच्या उंचीवरून एका पाद्र्याशी त्याचं जाहीर भांडण झालं होतं, आणि म्हणूनच आमच्या चर्चचा मनोरा अर्धवट राहिला. एक फोटो मिळाला: हॅट, मिशा, फोटोग्राफरवर राग धरल्यासारखा चेहरा. त्यानं काय काय बांधलं हे बरंचसं कळलं. माणूस कसा होता हे मात्र कुठंच सापडेना. माझा नवरा म्हणाला, “यार, तू स्वतःच्या आजोबांचं गाव कधी शोधलं नाहीस, आणि याच्या बायकोची खाणावळ शोधतेयस?” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, कारण तो बरोबर बोलत होता.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मंडळाची सभा झाली, पाडायचं की ठेवायचं ते ठरवायला. मतदानाआधी मला इतिहास सांगायला दहा मिनिटं दिली होती. मागे पोरं पळत होती, किचनमधून बटाटेवड्यांचा वास येत होता, त्यामुळं निम्म्यांचं लक्ष तिकडं. मी फोटो दाखवले, खाण सांगितली, पाद्र्याचं भांडण सांगितलं. लोक सभ्यपणे फोन बघत होते. माझ्या लक्षात आलं की हे जातंय हातातून. तेवढ्यात पुण्याहून नुकताच आलेला, आयटीतला एक मुलगा उभा राहिला. “ताई, डोन्ट माइंड हं, पण हा माणूस होता कसा? म्हणजे त्यानं बांधलं, पैसे घेतले, गेला. आपण त्याच्यासाठी एवढं इमोशनल का व्हायचं?”

आणि मी म्हणाले, “कमान बांधताना खालून लाकडी आधार देतात. दगड बसले की तो आधार काढायचा असतो, आणि तीच खरी परीक्षा. चूक असेल तर त्याच क्षणी सगळं खाली येतं. मजुरांना तर आत जावंच लागतं. हा माणूस त्या दिवशी आपलं जेवण घेऊन आत जायचा, आणि शेवटचा आधार निघेपर्यंत कमानीखाली बसून जेवायचा. मजुरांना आत पाठवून मी रस्त्यावर उभा राहू का, असं म्हणायचा.”

फोनवरची डोकी वर झाली. मागची पोरंसुद्धा थांबली. मी घसा कोरडा पडल्यासारखं करून पाणी प्यायले, कारण अण्णा, हे त्याचं नव्हतंच. ते तुम्ही होतात.

कराडला हायस्कूलच्या नव्या हॉलचा स्लॅब. मी पाचवीत आहे. तुम्ही डबा विसरून गेलात म्हणून आईनं मला पाठवलंय. आत ठोकाठोक चाललीये, माणसं आधाराची एकेक बल्ली काढतायत, वरून धूळ गळतेय, आणि तुम्ही मधोमध घमेलं पालथं घालून बसला आहात. डबा तिथंच मागवलात. मला म्हणालात, “ये आत.” मी दारातच उभी राहिले, आणि एका मजुरानं डबा नेऊन दिला. तुम्ही भाकरी मोडलीत, वर एकदाही पाहिलं नाहीत. घरी आल्यावर आई ओट्याशी उभी राहून कडाडली, “जेवायला दुसरी जागा मिळत नाही का तुम्हाला? पोरीनं सांगितलं तेव्हा हातातली पळी पडली माझी.” तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात, मजुरांना आत पाठवून मी रस्त्यावर उभा राहू का. मग आईनं वाढलं आणि विषय संपला. पुढं मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा तुम्ही मला कॅनव्हासचे बूट आणून दिलेत, मुलांचे, एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून. साइटवर चपला घालून यायचं नाही, म्हणालात. आणि मी काढलेला पहिला नकाशा पाहून काय बोललात तेही आठवतं: “स्वयंपाकघराला खिडकी कुठाय? बाईनं काय दिवसभर धूर खायचा?” शाबास म्हणून पाठ थोपटलीत की नाही हे मात्र आठवत नाही. बहुतेक नाहीच.

सभेत हात वर झाले आणि इमारत वाचली. अध्यक्ष काका वड्याची प्लेट घेऊन माझ्याकडे आले. “मी पाडायच्याच बाजूचा होतो, माहितीय ना तुला? पण त्या जेवायच्या गोष्टीनं मला फ्लिप केलं. दारापाशी ब्रासची पाटी लावू आणि हेच वाक्य घालू त्याच्यावर.” माझी मुलगी पाटीचा मजकूर लिहायला बसली. ती इथंच जन्मली, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तिनं विचारलं, “आई, धिस इज सच अ ग्रेट डीटेल. सोर्स काय आहे?” मी म्हटलं, वाचलं होतं कुठंतरी. “कुठंतरी इज नॉट अ सोर्स,” ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. नाक तुमचं आलंय तिला, आणि रोखून पाहणंही.

त्यानंतरचे दिवस माझे काही बरे गेले नाहीत. छपराच्या कामाचं कॉन्ट्रॅक्ट अजून सही व्हायचं होतं. खरं सांगितलं असतं तर पाडणाऱ्यांना पुन्हा सभा बोलवायला आयतं निमित्त मिळालं असतं, आणि नसतं सांगितलं तर एका अनोळखी माणसाच्या नावावर तुमचं वागणं पितळेत कोरलं गेलं असतं. आणि एक गोष्ट अशी की लोक भेटले की त्याचंच बोलायचे. दुकानात, पार्किंगमध्ये, ‘काय माणूस असेल ना!’ म्हणायचे. मी मान हलवायचे आणि आतून सुखावायचे. या देशात तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं, आणि आता सगळे तुमचं कौतुक करत होते. मला ते थांबवावंसं वाटत नव्हतं.

मग मुलीनं कुठून तरी त्या ऑस्ट्रियन माणसाची पणती शोधून काढली. ऐंशीच्या पुढची बाई, विस्कॉन्सिनहून नातवाच्या गाडीतून आली. काका, मी आणि मुलगी तिला आत घेऊन गेलो. ती काठी टेकत कमानीखाली गेली, वर पाहिलं, डोळे पुसले. काकांनी मोठ्या अभिमानानं तिला जेवणाची गोष्ट सांगितली. ती आधी गोंधळली, मग इतकी हसली की नातवानं तिचा दंड धरला. म्हणाली, आमच्या घरात तर वेगळंच सांगतात. आधार काढायच्या दिवशी पणजोबा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहायचे, पाइप ओढत, इमारतीकडं पाठ करून. सगळं झाल्याचं मजुरानं येऊन सांगितल्याशिवाय वळायचे नाहीत. पणजी त्यांना आयुष्यभर त्यावरून चिडवायची. मग तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, तुला हे कुठं मिळालं?

मुलगी माझ्याकडे पाहत होती. काकाही. मी म्हटलं, “ते माझे वडील.” इंग्रजीत दोन शब्दांत झालं, आणि मग मला रडू आलं, काही केल्या थांबेना. काका जाऊन वेदीच्या पायरीवर बसले, कमानीकडं बघत. शेवटी म्हणाले, “हे बघ, कमान त्यानंच बांधलीय ना? मग झालं. मंगळवारी छपराची सही करायला ये. पाटीवर नुसतं त्याचं नाव घालू.” मला वाटतं ते चिडले होते, आणि त्यांना तो अधिकार होता. पण पुन्हा सभा बोलवायचं त्यांनी नाव काढलं नाही.

पणती माझ्याशेजारी येऊन बसली. तुझ्या वडिलांनी काय काय बांधलं, विचारलं तिनं. इतक्या वर्षांत या देशात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी हायस्कूलचा हॉल सांगितला, दवाखाना, दोन पाण्याच्या टाक्या, लोकांची घरं. मुलगी ऐकत होती, तिनं फोन खाली ठेवला होता. यातलं आज काय उभं आहे ते मला सांगता आलं नाही. मग म्हातारीनं विचारलं, खाली बसून जेवताना त्यांना भीती नाही वाटायची?

“कधीच नाही,” मी म्हटलं.

अण्णा, हेही मी मनाचंच सांगितलं. तुम्हाला कधी विचारलं नाही, आईला विचारायचंही राहिलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून इथं खरं लिहिते: तुम्ही घाबरत असणार. डोक्यावरचं वजन किती आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो घाबरणारच. मी दुसऱ्यांच्या इमारतींवर सही करते त्या प्रत्येक वेळी घाबरते, पुढं कितीतरी दिवस घाबरते, आणि हे मी आजवर घरातसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.