पोथीवरची हळद

सर, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही, म्हणून मी बोलणार आहे. मागच्या आठवड्यात तुमच्या घरात जे घडलं ते तुम्हाला कळायलाच हवं, आणि ते मीच सांगावं अशी माझी फार इच्छा आहे.

भरवेलीच्या खाणीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई तुम्हाला आठवत असतील. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, पण मराठी बोलायच्या आमच्याहून चांगलं. शुक्रवारी संध्याकाळी त्या दिवा लावायच्या आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. त्यांच्याकडे हिब्रू प्रार्थनांचं एक फार जुनं, कातडी बांधणीचं पुस्तक होतं. बगदादहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं ते त्यांच्या पणजोबांना मुंबईत दिलं. पणजोबांचा अलिबागकडे तेलाचा घाणा होता, तिथून ते आजोबांकडे, मग रेल्वेत असलेल्या वडिलांकडे आणि शेवटी बाईंबरोबर इकडे मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटला आलं. बहिणीकडे इस्रायलला निघाल्या तेव्हा त्यांनी ते आईच्या हातात दिलं. "वहिनी, प्रवासात याची पानं सुटतील. मी येईपर्यंत तुमच्या देवाजवळ ठेवा."

आईनं ते देवाजवळ ठेवलं. दसऱ्याला आम्ही पोथ्या-पुस्तकं मांडून पूजा करतो, त्यात तेही मांडलं जाई. आई आपल्या पोथीसारखं ते समोर ठेवी आणि वरच्या पुठ्ठ्याला ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावी. दरवर्षी त्याच जागी. अशाच एका दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायला आलात, पुस्तक पाहिलंत आणि हसलात. "काहून जी वहिनी, ज्यूंच्या पोथीले हळद? अडाणीपणा सोडा जरा." आई ओशाळून हसली. मग तुम्ही ते एका जाणकाराला दाखवतो म्हणून घेऊन गेलात. शाळेतले इतिहासाचे सर मागताहेत, त्यांना नाही कोण म्हणणार?

नर्सबाई तिकडेच वारल्या. त्यांची भाची मुंबईहून पुस्तक न्यायला आली, तेव्हा आई तिला घेऊन तुमच्याकडे आली. मीही होते. तुम्ही खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीत. "कोणतं पुस्तक जी? मी तं पाह्यलंबी नाही. रद्दीत तं नाही टाकलं तुम्ही?"

"असं काहून बोलता सर? तुमीच तं नेलं होतं नं," आई म्हणाली, आणि तिचं तोंड एवढंसं झालेलं मला आजही दिसतं. भाचीनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिला वाटलं, आईनं पुस्तक विकून खाल्लं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तुमच्याकडे नुसती पाहत राहिले, तर तुम्ही मला बाहेर उभं केलंत. त्यानंतर आईनं कुणाची वस्तू सांभाळायला घेतली नाही. शेजारणीनं गावाला जाताना किल्ली पुढे केली, तरी ती हात मागे घ्यायची. तशीच गेली ती. तुम्ही मात्र शहरभर उजळ माथ्यानं फिरलात.

आता तुमच्या मुलाला ते पुस्तक विकायचं होतं. विकण्याआधी ते कुणाकुणाच्या हातून आलं याचा इतिहास लिहावा लागतो, म्हणून मुंबईहून एक जाणकार बाई आल्या. गावात कळलं, तशी मीही जाऊन बसले. मुलगा सांगत होता, पुस्तक पणजोबांपासून घरातच आहे. बाईंनी पुठ्ठ्यावरचे पिवळे-लाल डाग दाखवले. तुम्ही पुसून पाहिले असणार, पण हळद कुठे जाते? त्यांनी विचारलं, ही पूजा कुणाची?

तुमचा मुलगा अभिमानानं म्हणाला, "हमारे यहाँ पूजा-पाठ कभी हुआ ही नहीं. पापा को सख्त चिढ़ थी."

बाई म्हणाल्या, हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणजे डाग मागच्या पुठ्ठ्यावर आहेत. मराठी घरातल्या कुणीतरी तीच पुढची बाजू समजून वर्षानुवर्षं हळद लावली आहे. मी उभी राहिले. "माझ्या आईनं," मी म्हटलं, आणि नर्सबाईंचं पूर्ण नाव, वडिलांचं, आजोबांचं, सगळं सांगितलं. आतल्या पानावर हिब्रूत तीच नावं निघाली. तुमच्या मुलाचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. फार बरं वाटलं, सर.

विक्री तिथंच थांबली आणि पुस्तक आता भाचीकडे गेलं. त्याचा इतिहास लिहिताना जाणकार बाई म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं नाव वगळू या का? मी नाही म्हटलं. दुसऱ्याचं पुस्तक घरचं म्हणून ठेवलंत, म्हणजे तुम्हाला त्याच्याशी आपलं नाव जोडायचं होतं ना? जोडलं. आईचं नाव सांभाळणारी म्हणून आणि तुमचं दाबून ठेवणारा म्हणून. पुस्तक जगात कुठेही गेलं तरी हे त्याच्याबरोबर जाईल.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुमच्या मुलाकडे द्यायची मला गरज उरलेली नाही. पण एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. भाचीचा काल फोन आला होता. खूप रडली. "काकू माझ्याबद्दल काय म्हणायच्या?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. आई शेवटपर्यंत म्हणायची, "त्या पोरीची काय चूक?" एवढं सांगितलं असतं, तर ती शांत झाली असती. मी सांगितलं नाही. माहीत असून गप्प कसं बसायचं, ते मी तुमच्याकडूनच शिकले.