वसंता, पाणी रेघेवरच आहे

प्रिय वसंता,

सहा दिवसांनी काल घरी आलो. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. रिक्षातून उतरलो आणि पोटाला हात धरून सरळ तुझ्या खोलीत गेलो. तुझी वहिनी मागून ओरडत होती, आधी हातपाय धुवा म्हणून. मी ऐकलं नाही. टाकीच्या काचेवर तू ओढलेली काळी रेघ आहे ना? पाणी बरोबर त्या रेघेवर होतं. दोन्ही केशरी मासे काचेपाशी आले. पोवळी फुललेली. मी स्टुलावर बसलो आणि रडलो. ऑपरेशनला नेताना रडलो नव्हतो.

म्हणून आज हे पत्र. मी सातवी शिकलेला. पत्र लिहायची सवय मला तू बोटीवर होतास तेव्हा लागली. ही गोष्ट ज्याला कळेल असा तूच एक होतास, मग दुसऱ्या कुणाला लिहू?

तुला जाऊन दोन वर्षं झाली. बोटीवरची नोकरी सोडून तू घरी आलास आणि आपल्या शेवंतीच्या मळ्यात समुद्र आणून ठेवलास, तेव्हा मी किती हसलो होतो! तू गेल्यावर सगळे म्हणाले, टाकी काढून टाका. मीच नाही म्हणालो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

तू रोज सकाळी टाकीत पाणी घालायचास, एवढं मी पाहिलं होतं. उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर उडून जातं, ते रेघेपर्यंत भरायचं. पण कोणतं पाणी, हे मी कधी पाहिलं नव्हतं रे. टाकी समुद्राची, म्हणजे भरही खाऱ्या पाण्याचीच लागणार, असं मी धरून चाललो. तुझ्या डब्यातलं मीठ रोज मोजून विरघळवायचो आणि मग ओतायचो. काटेकोरपणे करत होतो, याचं मला समाधानही वाटायचं.

काही आठवड्यांत पोवळी मिटायला लागली. टाकीतल्या बऱ्याच गोगलगायी मेल्या. मला वाटलं मीठ कमी पडतंय. मी आणखी घातलं!

मग एका सकाळी काचेच्या वरच्या कडेला पांढरा थर दिसला. नखाने खरवडून जिभेला लावला. मीठ. आणि मला आपला कॅनॉलजवळचा खालचा तुकडा आठवला. पाणी देऊन देऊन त्या जमिनीवर असाच पांढरा खार फुटला होता. पाणी उन्हाने उडून जातं, खार मागेच राहतो. हे मला लहानपणापासून माहीत. शेतात माहीत होतं, टाकीत कसं सुचलं नाही?

खारटपणा मोजायची तुझी काचेची नळी फुटेल म्हणून मी तिला हात लावत नव्हतो. त्या दिवशी काढली. ती तुझ्या लाल खुणेच्या कितीतरी वर तरंगत राहिली. मग रोज थोडं खारं पाणी काढायचं, थोडं गोडं घालायचं, असं आठ-दहा दिवस केलं. रोपं सावलीतून उन्हात आणतो तसं, हळूहळू. एकेक करून पोवळी उघडली. दोन मात्र गेली. त्यांची माफी मागतो.

पण तुलाही विचारतो, वसंता. वहीत माशांच्या खाण्यावर पानंच्या पानं लिहिलीस आणि रोजची भर गोड्या पाण्याची, हे एक वाक्य नाही? तुला ते लिहिण्यासारखं वाटलंच नसेल. की मला तोंडाने सांगितलं होतंस आणि मी ते नेहमीसारखं हसण्यावारी नेलं?

त्यानंतर मी जो घाबरलो, तो एक दिवसही घर सोडीना. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मी पट्टा बांधून वर्ष काढलं. दवाखान्यात माझ्यापाशी तुझी वहिनी राहणार, घर बंद, मग टाकीत भर कोण घालणार? मळ्यातल्या बायकांना किल्ली द्यायची, तर त्या मायेने बादलीभर ओततील, ही भीती. शेवटी वहिनी एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "मासे जगले आन तुम्ही गेलात, तर मंग त्यांना पाणी कोण घालंल?"

जेवण उरकून मी तुझ्या वहीत दुकानाचा नंबर शोधला. 

तू सामान आणायचास त्या मुंबईच्या दुकानाला मी फोन केला. ते म्हणाले, आपोआप पाणी भरणारी मोटर मिळते, विजेवर चालते. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे रोज सहा-सहा तास लोडशेडिंग. घरच्या इन्व्हर्टरवर टाकीतलं पाणी फिरवायचा पंपच कसाबसा चालतो. फोन ठेवला आणि व्हरांड्यातल्या कूलरकडे बघत बसलो. कूलरमध्ये काय असतं? फ्लोट. पाणी खाली गेलं की तो खाली जातो आणि पाणी सोडतो, वर आलं की बंद करतो. ना वीज, ना मोटर.

मग मी कूलरचा प्लास्टिकचा फ्लोट काढला. मळ्यातल्या हौदाचा पितळेचा होता, पण टाकीत पितळ-तांबं नको, हे मात्र तू सांगितलेलं माझ्या लक्षात होतं. टाकीच्या वर फळी ठोकली, तिच्यावर गोड्या पाण्याचा कॅन ठेवला आणि ठिबकची बारीक काळी नळी फ्लोटपर्यंत आणली. कॅन पंधरा लिटरचाच ठेवला. फ्लोट बिघडून सगळं पाणी एकदम आलं तरी टाकी सांडू नये आणि मासे मरू नयेत, हा हिशोब मी तीन वेळा केला.

तिसऱ्याच दिवशी एक गोगलगाय फ्लोटच्या दांडीवर येऊन बसली आणि पाणी यायचं थांबलं. मग फ्लोटभोवती चहाची प्लास्टिकची गाळणी बांधली. तुझी वहिनी म्हणाली, "माझी गाळणी समुद्राला दिली, आता चहा काय धोतरातून गाळू?" पण नवी गाळणी तिनेच आणली.

पंधरा दिवस रोज तपासलं. मगच दवाखान्यात गेलो. भूल उतरल्यावर मी पहिल्यांदा टाकीचंच विचारलं म्हणे. रोज संध्याकाळी वाटायचं, नळी निसटली असेल, दुसरी गोगलगाय चढली असेल. वहिनीला म्हटलं, एकदा घरी जाऊन ये. ती म्हणाली, गेले तर तुमचं ऑपरेशन झालं आणि भीती तशीच राहिली असं होईल. गेली नाही. आज मी तिचे उपकार मानतो.

आता जे लिहायला घाबरतोय ते लिहितो. मंगलचं लग्न. मुलाकडच्यांनी इगतपुरीला केलं होतं. आम्ही सगळे चार दिवस तिकडे. तू हळदीला आला नाहीस. लग्नाला आलास तो अक्षता टाकून, पंगतीला न बसता परत निघालास. एकुलती एक पुतणी, आणि काका जेवायला थांबला नाही! मंगल मला विचारत होती, काका कुठे गेला? मी मांडवात सगळ्यांसमोर म्हणालो, तुझ्या काकाला माणसांपेक्षा मासे जवळचे. ते तिने मनाला लावून घेतलं. तू गेलास तेव्हा ती आली, रडली, पण तो विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

मे महिना होता. रेघेखाली पाणी किती उतरतं आणि मागे खार कसा वाढतो, हे तुला माहीत होतं. मला ते कळायला टाकी माझ्या गळ्यात पडावी लागली. वर्षभर मीही कुणाच्या पंगतीला बसलो नाही, वसंता.

टाके सुकले की तुझ्या वहिनीला घेऊन इगतपुरीला जाणार आहे. एका दिवसासाठी नाही, चांगले पाच दिवस. हा शब्द देतो. मंगलला समोर बसवून सांगेन की मांडवात मी जे बोललो ते खोटं होतं. तुझ्या काकाला थांबायचं होतं. व्हरांड्यात कूलर होता, त्यात फ्लोट होता, आम्ही दोघे भाऊ रोज त्याच्या वाऱ्याला बसत होतो, आणि दोघांपैकी एकालाही तो सुचला नाही.

तुझा,
दादा