फळं झाडावरच आहेत

प्रिय पितयताई,

सगळ्यात आधी हे वाच, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मी धडधाकट आहे, घर उभं आहे, आणि बागेतली पीचची झाडं तर अशी उभी आहेत की वादळ येऊन गेलं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसावं. एकेका फळावर आम्ही बांधलेली कागदी पिशवीसुद्धा जागची हललेली नाही. तिकडे शहरात टीव्हीवर आमचा डोंगर दाखवत असतील आणि रिमुय तुझ्याजवळ बसून रडत असेल. तिला एवढंच वाचून दाखव, आई बरी आहे म्हणावं. पुढचं मात्र तू एकटीने वाच. ताई, मला फार भीती वाटते आहे. 

यंदा सावडीत आमच्या बागेची पाळी शेवटी आली होती. तुला आठवतं ना, बाबांच्या वेळेपासून हे असंच चालतं. सगळ्यांनी मिळून आज याच्या बागेतली फळं तोडायची, उद्या त्याच्या, आणि ज्याची पाळी असेल तो सांगेल ते काम सगळ्यांनी करायचं. आमची पाळी शनिवारची. नेमका शनिवारी धुवांधार पाऊस पडला आणि फळाला हात लावता आला नाही. त्यात बातमी आली की वादळ रविवारी संध्याकाळी डोंगरावर येणार. म्हणजे तोडायला उरला तो एकच दिवस, रविवार.

फळांचा व्यापारी लिन शेठ ट्रक घेऊन वळणावर येऊन बसलेला. पाळकसाहेबसुद्धा म्हणाले, उपासना भल्या पहाटे उरकून घेऊ आणि सगळेच बागेत जाऊ. अख्खी मंडळी तयार होती ताई, आणि माझा नवरा युकान, चर्चचा वडील ना तो, एकटा नाही म्हणाला. लिन शेठ हसत हसत म्हणाला, “अहो वडील, तुमचा देव एका रविवारची रजा देत नाही होय?” तर हा म्हणतो, “शेठ, रविवार हीच त्याने दिलेली रजा आहे. ती विकून मी खाऊ काय?” सगळे हसले. मला मात्र संताप आला. रिमुयची कॉलेजची फी त्या झाडांवर लटकत होती, गळक्या छपराचे पत्रे लटकत होते, आणि आमचे वडीलमहाराज विनोद करत होते.

घरी आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले. तू तर त्याला लग्नाआधीपासून ओळखतेस. सकाळपासून दारूत बुडालेला, भावाच्या बागेत रोजावर राबणारा आणि मिळालेला रोज पिऊन टाकणारा युकान. आईने तेव्हा तुला सांगितलं होतं, “धाकटीला हा बुडवणार बघ.” मग ज्या रविवारी तो डुलत डुलत चर्चच्या मागच्या बाकावर येऊन बसला आणि कुणी त्याला बाहेर काढलं नाही, तेव्हापासून त्याचा रविवार कधी चुकला नाही. घंटा वाजवायचं कामही त्याने मागून घेतलं. मी म्हटलं, देव काय हजेरी घेतो का? तो शांतपणे म्हणाला, “यायुत, देवाचं काही अडत नाही. माझं अडतं. भीतीपोटी मी एक रविवार सोडला, तर मी कुठे जाऊन पोचतो ते मला ठाऊक आहे.” मी तोंड फिरवून झोपले.

रविवारी उपासना झाली आणि तो उभा राहून म्हणाला, वरच्या वस्तीवर बातूआजोबा आणि त्यांची म्हातारी दोघंच आहेत, म्हातारीला चालता येत नाही, मी त्यांना चर्चमध्ये घेऊन येतो. चौघं उठले तर त्यांनाच दटावलं, “तुमच्या घरांची छपरं आधी बांधा. म्हातारी काही हत्ती नाही, पाठीवर घेऊन येईन.” दोर खांद्यावर टाकला, मी दिलेली उकडलेली रताळी खिशात कोंबली. जाताना मला म्हणाला, “अजून रागावली आहेस?” मी बाकं आवरायला वळले. ताई, मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

आता जे सांगते ते कुणालाही सांगितलेलं नाही. उपासनेत सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते तेव्हा मीही केली. मनापासून केली, तशी मी कितीतरी वर्षांत केली नव्हती. मी म्हटलं, प्रभू, माझी फळं वाचव, बाकी काय व्हायचं ते होऊ दे.

वादळ आलं आणि वाऱ्याने तोंड फिरवलं. आमच्या उताराला त्याने हात लावला नाही, सगळा जोर पलीकडच्या कड्यावर काढला. वरच्या वस्तीची वाट आहे ना, आपण लहानपणी जिथे बांबूचे कोंब काढायला जायचो, ती वाट कड्यासकट खाली गेली. आता तिथे नुसता लाल चिखल आहे आणि मुळं वर करून पडलेली झाडं. युकान पलीकडे पोचला की वाटेत होता, कुणालाच माहीत नाही. हाका मारल्या तर नदीचाच आवाज येतो. फोन बंद आहेत. ढग खाली उतरलेत, त्यामुळे सरकारी हेलिकॉप्टर उडत नाही. आणि बायका येऊन माझा हात धरून म्हणतात, “यायुत, बाग बघ कशी राखली देवाने! त्याने तुमचं ऐकलं!” मी हात सोडवून घेते. त्याने माझं सगळंच ऐकलं असेल तर?

आज सकाळी सगळी सावड टोपल्या घेऊन दारात उभी राहिली. आमची पाळी राहिली होती ना. खालचा रस्ता उघडला होता, लिन शेठचा ट्रक पुन्हा वळणावर आला होता आणि संध्याकाळी परत जाणार होता. फळ इतकं पिकलंय की उद्यापर्यंत टिकणार नाही. थोरले वतानकाका म्हणाले, निम्मे बागेत जाऊ, निम्मे वाट उकरू. पण तो चिखल निम्म्या हातांचं काम नाही, हे त्यांनाही दिसत होतं. पाळी माझी होती, बोलायचं मला होतं. मी म्हटलं, टोपल्या इथेच ठेवा, फावडी घ्या आणि सगळे वाटेवर चला. शेजारची चिवस माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “अगं, वर्षाचं पीक आहे. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” मी म्हटलं, “नाहीये. तू फावडं घे.” मला श्रद्धाळू वगैरे समजू नकोस ताई.  खरं सांगते, त्या वेळीसुद्धा अर्धं मन फीचा विचार करत होतं. त्या मनाची मला वादळाहून जास्त भीती वाटते.

 लिन शेठने आपल्या दोन्ही हमालांना चिखलात उतरवलं आणि स्वतःही बूट काढून उतरला. आता रिकामा ट्रक घेऊन तो खाली निघालाय आणि हे पत्र मी त्याच्याच हाती देते आहे. मलाही फावडं घेऊन परत जायचंय, म्हणून भराभर लिहिते. दारातून बाग दिसते. पाखरांनी पिशव्या फाडायला सुरुवात केली आहे. खाऊ देत.

तू पैसे पाठवू नकोस आणि इकडे येण्याची घाईही करू नकोस, रिमुयजवळ राहा. मला दुसरंच मागायचंय. कालपासून मला प्रार्थना करता येत नाही. गुडघे टेकते, हात जोडते आणि तोंड घट्ट मिटून बसते. मागच्या वेळी मागितलं ते मिळालं, आता तोंडातून काय निघेल याची धास्ती वाटते. तुझ्या चर्चमध्ये माझ्या वतीने तू उभी राहा. युकानचं नाव घे, बातूआजोबांचं घे, म्हातारीचं घे. आणि देवाला सांग, यायुतने रविवारी जे मागितलं होतं ते ती परत देते आहे. त्याने ते घ्यावं, आणि माझा माणूस मला द्यावा.

तुझीच, भ्यालेली धाकटी,
यायुत