ओझेवाल्यांबद्दलची ओळ

आई, मी परदेशात आल्यावर तू मला एकच काम सांगितलं होतंस. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत होते. तू निवृत्त होऊन शाळेतल्या मुलांसाठी एका स्पॅनिश सरदाराचं चरित्र लिहीत होतीस. सोन्याच्या शोधात तो फ्लोरिडात उतरला, काही वर्षं जंगलं आणि नद्या तुडवत फिरला आणि मिसिसिपीच्या काठी तापाने मेला. त्याच्या शेकडो माणसांचं सामान गावोगावी पकडलेले लोक वाहत होते, एवढं तुला माहीत होतं. त्या लोकांचं पुढे काय झालं, ते त्याच्यासोबत चाललेल्या एका पोर्तुगीजाच्या हकिकतीत बघून कळवायचं होतं. पुस्तक आमच्या लायब्ररीत होतं.

तिसऱ्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "बघितलंस का गं? की इंजिनीअरबाईंना सवड नाही?"

"बघितलं."

"मग?"

"पुढचं गाव आलं की सोडून द्यायचे. तिथले दुसरे घ्यायचे."

"सगळ्यांना सोडायचे?"

"हो."

"पान सांग."

मी एकशे बारा सांगितलं. पुस्तकाला मी हात लावला नव्हता. कॅम्पसची बस लायब्ररीच्या दारात थांबायची. रूममेट रोज म्हणायची, "उतर ना यार, पाच मिनिटांचं काम आहे." मी थेट लॅबमध्ये जायचे. तिथे मातीच्या नमुन्याचं प्रत्येक माप मी तीनदा घेत होते.

"बहुतेक जण वाटेतच मेले असावेत" हे वाक्य तू लिहून ठेवलं होतंस. माझ्या भरवशावर तू ते खोडलंस आणि मी सांगितलं तसं लिहिलंस. आठवीत तू आमच्या वर्गाला इतिहास शिकवायचीस. एकदा आल्या आल्या तू म्हणालीस, "काल मी चुकीचं सांगितलं. वह्या काढा, खोडा." मुलं हसली. मी बाकाखाली पेन शोधत राहिले. घरी पोळ्या लाटताना तू विचारलंस, "लाज वाटली ना माझी?" मी ताटं घ्यायला उठले.

ती ओळ बदललीस, त्याच उन्हाळ्यात तू गेलीस. तुझं पुस्तक मावशीने छापून घेतलं.

आता मी इकडेच, पार्सिपनी गावात नोकरी करते. मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. दुसरी आवृत्ती निघते आहे, काही चुकलं असेल तर कळव, म्हणाली. सहा वर्षांनी मी ती हकिकत इथल्या लायब्ररीतून मागवली. चार दिवसांत आली. एकशे बाराव्या पानावर एका नदीचं वर्णन आहे. ओझेवाल्यांचं बरंच पुढे आहे. साखळ्यांत बांधलेले, अंगावर कपडा नाही. एका हिवाळ्यात त्यांतले बहुतेक मेले.

मी दुरुस्ती लिहून पाठवली, खऱ्या पानाच्या आकड्यासकट. मावशीने लगेच फोन केला.

"अगं, एवढी मोठी चूक? ताईकडून? ती तर पुरावा असल्याशिवाय स्वल्पविरामही द्यायची नाही."

मी समोरचं पुस्तक मिटलं.

"शेवटी शेवटी थकलीच होती म्हणा," मावशी म्हणाली. "नजरेतून सुटलं असेल, नाही का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी "हो, सुटलं असेल" म्हणाले.